पाऊस पडायलाय

इयत्ता सहावीच्या निबंधाच्या वह्या तपासत होतो. विषय नेहमीचाच होता, ‘माझे गाव’. गाव पिंगळी. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गाव. जुनी बारव आणि पिंगळेश्वराचे देऊळ यांमुळे बाहेरच्यांनाही थोडेफार ठाऊक असते. एका मुलीने बारवेच्या पायऱ्यांचे छान वर्णन केले होते आणि पुढे लिहिले होते, ‘बाबा शेतात ऊस तोडायलेत. आता पाऊस पडायलाय.’ आम्ही सवयीने तांबड्या शाईने ‘तोडायलेत’ आणि ‘पडायलाय’ खोडले, वर ‘तोडत आहेत’, ‘पडत आहे’ असे लिहिले आणि एक गुण कापला.

वही परत दिल्यावर ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “सर, माझी आजी बी असंच बोलते. मग ती रोज चुकायलीय का?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि ‘बोलताना चालतं, लिहिताना नाही’ असे ठरीव उत्तर दिले. तिने वही मिटली. पुढच्या निबंधात तिने एकही चूक केली नाही, कारण तिने जेमतेम पाचच ओळी लिहिल्या होत्या. बारव नाही, ऊस नाही, पाऊस नाही. त्या पाच ओळी वाचल्यावर तिचा प्रश्न आम्हाला नव्याने ऐकू आला. आजी चुकते, हे आम्ही कशावरून ठरवले होते?

ज्या वाक्यातला एक शब्द आम्ही खोडला, त्याच वाक्यातल्या ‘शेत’ आणि ‘ऊस’ या शब्दांना आम्ही हात लावला नव्हता. मूळ संस्कृत शब्द क्षेत्र आणि इक्षु. शुद्धतेचाच आग्रह असेल तर ‘शेत’ हे ‘क्षेत्र’चे बिघडलेले रूप आहे आणि ‘ऊस’ तर ओळखूही येऊ नये इतका बिघडलेला आहे. हा बिघाड आपण निमूटपणे स्वीकारतो. आजीचा मात्र स्वीकारत नाही. असे का, याचा शोध घेताना आम्हाला भाषा कशी व का बदलते याबद्दलच्या निरनिराळ्या मतांचा इतिहासच थोडाबहुत चाळावा लागला.

भाषा बदलते म्हणजे बिघडते, ही समजूत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात ‘गौः’ या एका शुद्ध शब्दाची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी अपभ्रष्ट रूपे दिली आहेत. शुद्ध शब्द एक आणि अपशब्द पुष्कळ, हे त्याला दाखवायचे होते. आज आपल्याला त्या यादीत वेगळेच दिसते. बावीसशे वर्षांपूर्वीही लोक आपापल्या गावी आपापल्या तऱ्हेने बोलत होते आणि एका काटेकोर पंडिताने ते कान देऊन ऐकले होते.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातही अशीच समजूत होती, फक्त तिने विज्ञानाचा अंगरखा घातला होता. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यातल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच उगमापासून निघाल्या असाव्यात असे सांगितले. त्यानंतर भाषांची तुलना हा मोठा उद्योग झाला. आउगुस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकाने भाषांची वंशवृक्षासारखी आकृती काढली. भाषा हा सजीव आहे, तो वाढतो, भरात येतो आणि मग झिजत जातो, असे त्याचे मत होते. संस्कृत किंवा ग्रीक म्हणजे भर तारुण्य आणि आजच्या भाषा म्हणजे उतारवय. वृक्षाची आकृती उपयोगी ठरली, ती आजही पुस्तकांत असते. उतारवयाची कल्पना मात्र टिकली नाही. भाषेला वय असते तर प्रत्येक पिढीतले मूल ती नव्याने शिकते कसे?

श्लायखरनंतरच्या पिढीने विचारले, हा बदल वाटेल तसा होतो की काही शिस्तीने? लाइपझिग विद्यापीठातल्या तरुण अभ्यासकांनी १८७६ ते १८७८ च्या दरम्यान ठासून सांगितले की ध्वनी बदलतात ते नियमाने बदलतात आणि त्या नियमांना अपवाद नसतो. लेस्कीन, ब्रुगमान, ऑस्टहोफ ही त्यांतली प्रमुख नावे. त्यांचे म्हणणे मोठे धाडसाचे होते. ते खरे की खोटे हे पाहायला लाइपझिगला जायची गरज नाही. फळा आणि खडू पुरे.

फळ्यावर तीन रकाने पाडा. पहिल्यात संस्कृत शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात हिंदी.

क्षेत्र – शेत – खेत
इक्षु – ऊस – ईख
कुक्षि – कूस – कोख
मक्षिका – माशी – मक्खी

मुलांना काही सांगू नका. दोन मिनिटांत कोणीतरी ओरडेल, “सर, हिंदीत क्ष चा ख झालाय, आपल्यात स नाहीतर श!” स केव्हा आणि श केव्हा, हेही मुले शोधतात. शेजारी इ किंवा ए असला की बहुधा श येतो. म्हणून कूस, पण कुशीत. म्हैस, पण म्हशी.

मधली पायरी प्राकृताची आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिले. क्ष चा साधारणपणे ख होतो असे सांगून, काही शब्दांत मात्र छ होतो अशी एक यादी त्याने दिली. त्या यादीत छेत्त, उच्छू, कुच्छी, मच्छिआ हे चारही शब्द आहेत. पुढे मराठीने प्राकृतातल्या छ चा स केला. तो छ क्ष पासूनच आलेला असला पाहिजे असेही नाही. मत्स्याचा मच्छ झाला आणि त्याचा मासा. वत्सापासून वच्छ आणि त्यावरून वासरू. ‘क्षण’ याचा एक अर्थ उत्सवाची वेळ असा होता. तो छण झाला आणि मराठीत सण झाला. शेत, मासा, वासरू, सण यांचा अर्थाने एकमेकांशी संबंध नाही, पण एकाच सरकत्या पट्ट्यावरून आल्यासारखे ते सारे एकाच रीतीने बदलले आहेत. बिघाड असा शिस्तीत होत नसतो.

हेमचंद्राच्या हाती नियम होते, यादी होती. तो लाइपझिगच्या मंडळींच्या सातशे वर्षे आधीचा. तरीही त्याने याला इतिहास म्हटले नाही. संस्कृत शब्दावरून प्राकृत शब्द कसा साधायचा, एवढेच त्याला सांगायचे होते. ‘साधायचा’ आणि ‘झाला’ या दोन क्रियापदांमध्ये केवढे अंतर आहे!

आता वर्गातला एखादा चौकस मुलगा हात वर करील. भिक्षेची भीस का नाही झाली, भीक कशी झाली? त्याचे बरोबर आहे. लक्षाचे लाख झाले, क्षीराची खीर झाली, रक्ष् वरून राखणे आले आणि शिक्ष् वरून चक्क शिकणे. इथे मराठी हिंदीच्याच वाटेने गेलेली दिसते. मग अपवाद नसलेल्या नियमाचे काय झाले?

याचे एक उत्तर १८७२ सालीच योहानेस श्मिट याने देऊन ठेवले होते. हा श्लायखरचाच शिष्य, पण गुरूचा वृक्ष त्याला पुरा पटला नाही. भाषा फांद्यांसारख्या एकदा फुटल्या की कायमच्या वेगळ्या होत नाहीत, तर पाण्यात दगड टाकल्यावर तरंग पसरावेत तसे बदल एका ठिकाणाहून चहूकडे पसरतात, असे तो म्हणाला. एक तरंग एका गावापर्यंत येतो, दुसरा त्याच्या अलीकडेच विरतो. झुल ब्लोक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला. तो १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४१ मध्ये वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादाने मराठीत आला. मराठीत क्ष च्या दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या आहेत, हे त्यात नीट मांडले आहे. आमचा आपला एक तर्क असा, की शेत, ऊस, माशी हे एका जागी राहणाऱ्यांचे शब्द आहेत, तर भीक, शिकणे, लाख हे भिक्षू, गुरू आणि व्यापारी यांच्याबरोबर हिंडणारे. हिंडणारा शब्द परगावचा उच्चार घेऊन येतो. ‘तर्क’ हा शब्द आम्ही जपून वापरला आहे. खीर काही हिंडत नाही, ती या तर्काला गप्प करते.

तरंगांना भाषाकुळाची कुंपणेही अडवत नाहीत. ‘चाक’ आणि ‘चंद्र’ म्हणून पाहा, च दोन आहेत. तेलुगूतही आहेत, हिंदीत नाहीत. या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा वाचक त्यात नसतो, ‘आपण’ म्हणतो तेव्हा असतो. हा भेद मराठीत आहे, गुजरातीत आहे, तेलुगूत आहे. हिंदीचे ‘हम’ दोन्ही कामे करते. देवघेव एकाच बाजूने झाली असेही नाही. परभणीच्या बाजारात कानावर येणाऱ्या दखनीत ‘मैंच’, ‘ऐसाइच’ असे म्हणतात. तो च मराठीचा आहे.

हे मिश्रण किती खोल जाऊ शकते, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारे लोक पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत आले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. घरातले शब्द प्रत्येकाने आपापले राखले होते, पण तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्ये इतकी एका साच्यात आली होती की शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भाषांतर व्हावे. भाषा बदलली ती कोणी आळशी किंवा अडाणी होता म्हणून नव्हे. रोज चार जणांशी व्यवहार करायचा होता म्हणून.

पण आजीच्या ‘पडायलाय’चे काय? त्यासाठी ब्लोकचे गुरू आंत्वान मेये यांच्याकडे जावे लागते. १९१२ साली मेये यांनी एक लेख लिहिला. व्याकरणातले प्रत्यय कोठून येतात, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की ते बहुतेक वेळा साध्या, धडधाकट शब्दांपासून येतात. एखादा शब्द दुसऱ्याच्या मदतीला उभा राहतो, वारंवार वापरला जातो, त्याचा स्वतःचा अर्थ फिका पडतो, उच्चार आखडतो आणि शेवटी तो शेजारच्या शब्दाला चिकटून प्रत्यय होऊन बसतो. जुने प्रत्यय झिजून नाहीसे होत असतात, त्यांची जागा हे नवे घेतात. झीज आणि भरती दोन्ही एकदमच चालू असतात. श्लायखरला यातली फक्त झीज दिसली होती.

हे मराठी क्रियापदावर ताडून पाहू. संस्कृत ‘करोति’चे प्राकृतात ‘करइ’ आणि जुन्या मराठीत ‘करी’ झाले. ज्ञानेश्वरांच्या काळी ‘करी’ म्हणजे ‘करतो’. आज मात्र ‘तो रोज व्यायाम करी’ असे म्हटले तर ती भूतकाळातली सवय होते. ‘करी’ला मागे ढकलून त्याची जागा घेतली ती ‘करीत’, ‘करत’ या धातुसाधितावरून बनलेल्या ‘करतो’ने. पुढे ‘करतो’ही नेहमीच्या गोष्टींसाठी वापरून गुळगुळीत झाला. आत्ता, या क्षणी चाललेल्या क्रियेसाठी काहीतरी ठसठशीत हवे होते. मराठीच्या निरनिराळ्या भागांनी त्यासाठी निरनिराळी क्रियापदे मदतीला घेतली.

पुण्याकडे ‘असणे’ घेतले. करतो आहे. ते आखडून झाले ‘करतोय’.

विदर्भात ‘राहणे’ घेतले. करून राहिला. ते आखडून झाले ‘करून रायला’.

मराठवाड्यात ‘लागणे’ घेतले. करू लागला. ते आखडून कुठे ‘करू लाला’, ‘करूलालाय’ झाले, तर कुठे ‘करायला लागला’ या जोडीतून ‘करायला’, ‘करायलाय’.

‘लागणे’चा प्रवास पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘लग्न’, प्राकृत ‘लग्ग’, अर्थ चिकटलेला. भिंतीला हात लागला यात तो अर्थ अजून शाबूत आहे. जो कामाला चिकटला त्याने काम सुरू केले. पाऊस पडू लागला. जे सुरू झाले ते चालू आहे, पाऊस पडायलाय. चिकटण्यापासून सुरुवात, सुरुवातीपासून चालू असणे आणि सरतेशेवटी क्रियापदाच्या शेपटाला उरलेला ‘ला’. मेये यांनी सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या एकाच जिल्ह्यात ऐकायला मिळतात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी क्वचित ‘करू लागलाय’ हे लांब रूप त्याच अर्थाने येते, मधल्या वयाच्या माणसाकडून ‘करूलालाय’ ऐकू येते आणि शाळकरी पोर ‘करायलाय’ म्हणून मोकळे होते. परभणीहून एस. टी. ने हिंगोलीमार्गे वाशीमला जा आणि वाटेत थांब्याथांब्यावर कान उघडे ठेवा. कुठेतरी ‘लागणे’ संपते आणि ‘राहणे’ सुरू होते. श्मिटचा तरंग म्हणतात तो असा पन्नास-शंभर किलोमीटरांत कानांना दिसतो.

‘करतोय’ आणि ‘करायलोय’ यांत व्याकरणाच्या दृष्टीने उजवेडावे काहीच नाही. दोन्हीकडे मदतीचे क्रियापद आखडून प्रत्यय झाले आहे. तरीही ‘करतोय’ कथा-कादंबऱ्यांत छापले जाते, आकाशवाणीच्या नाटकात बोलले जाते, आणि ‘करायलोय’ नाटकात आले तर ते हसवण्यासाठी. हा फरक भाषेने केलेला नाही. तो इतिहासाने केला आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. मुंबई इलाख्यात सरकारी शाळा निघत होत्या, त्यांना पाठ्यपुस्तके लागत होती, आणि या पुस्तकांची भाषा पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांच्या बोलण्यावर बेतली गेली. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. इथे कचेरीची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. प्रमाण मराठी ठरत असताना मराठवाडा त्या बैठकीला नव्हताच. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. तोवर पाठ्यपुस्तकांची मराठी ठरून गेली होती. एक गंमत मात्र झाली. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मामलेदार म्हणत, त्याला मराठवाड्यात तहसीलदार म्हणत. दोन्ही शब्द मुळात अरबी-फारसीच. आज सगळ्या महाराष्ट्रात कागदोपत्री तहसीलदार आहे. म्हणजे तरंग कधीतरी इकडून तिकडेही जातो, फक्त त्याच्यामागे सरकारी शिक्का असावा लागतो.

माणसे बोलण्याची लकब निवडतात ती कशासाठी, हे विल्यम लबोव्ह या अमेरिकन अभ्यासकाने मोजूनच दाखवले. मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर तो गेला. तिथे मूळचे लोक मासेमारी करणारे, आणि उन्हाळ्यात शहरी पाहुण्यांची झुंबड. काही स्वर बेटावरचे लोक एका खास पद्धतीने उच्चारत. वाटावे असे की ही जुनी लकब तरुणांत मरत चालली असेल. लबोव्हने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात उलटेच चित्र होते. ज्या तरुणांना बेटावरच राहायचे होते, त्यांच्या तोंडी ती लकब ठळक होत चालली होती. ज्यांचे मन बेटाबाहेर लागले होते, त्यांच्या तोंडून ती नाहीशी होत होती. बदल होत असतानाच तो पाहता येतो, हे या अभ्यासाने दाखवून दिले. त्याआधी बहुतेकांना वाटे की भाषेतला बदल झाडाच्या वाढीसारखा, मागे वळून पाहिल्यावरच कळतो.

पिंगळीत बेट नाही, पण स्टेशन आहे. पुण्याला कामाला गेलेला मुलगा दिवाळीला येतो तो ‘मी येतोय’ म्हणत. पहिल्या दिवशी मित्र त्याची टर उडवतात. तिसऱ्या दिवशी तो ‘यायलो’ म्हणू लागतो. परतीच्या गाडीत पुन्हा ‘येतोय’. त्याचे व्याकरण दोन्ही वेळा बिनचूक असते.

त्या मुलीच्या वहीकडे आम्ही परत गेलो. परीक्षेत तिला ‘पडत आहे’ लिहावे लागणार आहे आणि ते तिला शिकवणे हे आमचे काम आहेच. त्यातून आम्हाला सुटका नको आहे. पण कापलेला गुण आम्ही परत दिला आणि फळ्यावर तीन रकान्यांऐवजी दोन रकाने केले, ‘घरी’ आणि ‘पेपरात’. मुलांनी आपापली वाक्ये दोन्ही रकान्यांत लिहिली. मग त्यांना एक काम दिले. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यांत लहान मुलाला एकच प्रश्न विचारायचा, ‘काय करायलास?’ आणि उत्तरातले क्रियापद जसेच्या तसे टिपून आणायचे. सुधारायचे नाही, हा एकच नियम.

दुसऱ्या दिवशी एकोणतीस कागद आले. एकात चार वर्षांच्या भावाचे उत्तर होते, ‘मी जेवन करलो.’ ‘केलो’ही नाही आणि ‘केलं’ही नाही. बसलो, उठलो, तसेच करलो. पोराने नियम स्वतः शोधला होता आणि तो सरसकट लावला होता. प्रश्न काय होता, उत्तर काय दिले, त्याकडे त्याचे लक्ष नव्हते. ज्या मुलीने आजीबद्दल विचारले होते, तिने दोन ओळी आणल्या होत्या. पहिल्या ओळीत आजीचे उत्तर होते, ‘बसू लागलेय की माय.’ खाली तिने स्वतःहून पेन्सिलीने लिहिले होते : आजी लांब बोलते, आम्ही तोडून बोलतो.